मॉर्गन यांचे अर्धवट राहिलेले कोडे

थॉमस हंट मॉर्गन म्हटले की फळमाशी आठवते. पण फळमाशीकडे वळण्यापूर्वी हा शास्त्रज्ञ चपटकृमी कापत बसत असे.

मॉर्गन यांचा जन्म २५ सप्टेंबर १८६६ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन येथे झाला. १८९० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून ते पुढच्या वर्षी ब्रिन मॉर महाविद्यालयात शिकवू लागले. गोड्या पाण्यात राहणाऱ्या प्लॅनेरिया या चपटकृमीचे तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्यापासून नवा कृमी तयार होतो. मॉर्गन यांनी १८९८ मध्ये दाखवले, की शरीराच्या २७९ व्या भागाएवढा तुकडाही पुरतो. फार आखूड आडवा काप घेतल्यास कधी कधी त्याच्या दोन्ही टोकांना डोकी येतात, हेही त्यांनी पाहिले. मग डोके कुठे आणि शेपूट कुठे, हे तुकड्याला कळते कसे? १९०१ मध्ये त्यांनी पुनर्जननावर ग्रंथ लिहिला; पण पेशींच्या आत डोकावण्याची साधने तेव्हा नव्हती. कोडे सुटले नाही.

१९०४ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१० मध्ये तेथे लाल डोळ्यांच्या फळमाश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. त्यावरून जनुके गुणसूत्रांवर असतात याचा भक्कम पुरावा मिळाला आणि १९३३ मध्ये मॉर्गन यांना नोबेल पारितोषिक लाभले. जुना प्रश्न मात्र त्यांनी टाकून दिला नव्हता. सर्व पेशींत जनुके तीच असताना वेगवेगळे अवयव कसे घडतात, याचा विचार त्यांनी १९३४ च्या पुस्तकात केला. ४ डिसेंबर १९४५ रोजी त्यांचे निधन झाले.

या कोड्याचे उत्तर पुढे जनुकांतूनच मिळू लागले. चपटकृमीतील एखादे जनुक निष्प्रभ करण्याचे तंत्र १९९९ मध्ये हाती आले. २००८ मध्ये बीटा-कॅटेनिनचे जनुक असे बंद केल्यावर शेपटीच्या जागी डोके उगवले. नवे अवयव घडवणाऱ्या मूलपेशी कृमीच्या अंगभर विखुरलेल्या असतात. कुठे काय घडवायचे, याचा इशारा त्यांना अशा जनुकांकडून मिळतो.

मॉर्गन यांना दिसलेला दोन डोक्यांचा कृमी पुन्हा प्रयोगशाळेत अवतरला. या वेळी कारणासह.