वेणुसाधक पन्नालाल घोष

काल्याच्या कीर्तनात आम्ही मुरलीचे भाग्य वर्णितो. भगवंताच्या ओठी ती लागली, कारण आत तिने आपले म्हणून काही ठेवले नाही. हाच भाव ज्यांच्या चरित्रात उतरला, अशा एका वेणुसाधकाची हकीगत आज भाविक वाचकांपुढे मांडतो.

पन्नालालजींचा जन्म १९११ साली पूर्व बंगालात बारिसाल येथे झाला. वडील अक्षयकुमार सतार वाजवीत. पुढे कलकत्त्यास खुशी महंमद यांजजवळ त्यांनी रागविद्या घेतली. त्या काळी बासरी म्हणजे गुराख्याचे वाद्य. फार तर गाण्याच्या साथीला. तिच्यावर कुठे ख्याल वाजतो, असा लोकांचा समज! आखूड वेळू मंद्रात उतरेना. तेव्हा त्यांनी सुमारे ३२ इंच लांबीची बासरी सिद्ध केली आणि सहा छिद्रांस सातवे जोडून मंद्रातल्या तीव्र मध्यमाची सोय केली.

१९३८ साली सराईकेला नृत्यमंडळीबरोबर ते युरोपात जाऊन आले. १९४० मध्ये मुंबईस आले, १९४२ च्या ‘बसंत’ बोलपटास संगीत दिले. नाव झाले. दुसरा कोणी तिथेच थांबला असता.

आता खरी गोष्ट ऐका. १९४७ साली पन्नालालजी मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्य झाले. छत्तिशीतला नामांकित वादक पुन्हा विद्यार्थी! आमच्या नामदेवरायांशी तर देव बोलत असे. तरी गोरोबाकाकांच्या थापटण्याखाली मडके कच्चे ठरले, आणि औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांचे पाय धरावे लागले. कीर्ती म्हणजे पक्केपण नव्हे, बरे का!

मिळाले ते त्यांनी कोंडून ठेवले नाही. देवेंद्र मुर्डेश्वर, व्ही. जी. कर्नाड आदी शिष्य तयार केले. १९५६ साली दिल्लीस आकाशवाणीच्या वाद्यवृंदाची धुरा घेतली. २० एप्रिल १९६० रोजी तेथेच देह ठेवला. पन्नाशीही गाठली नाही. परंतु गुराख्याची पावरी मैफलीत मुख्य आसनावर बसली, ती आजतागायत बसलेली आहे.

गळ्यात हार पडला म्हणून कीर्तनकाराने पोथी मिटू नये आणि माळकऱ्याने संतांचे पाय सोडू नयेत. एवढे या चरित्रातून घेतले तरी पुष्कळ झाले.

रामकृष्णहरी!