दोनशे दहा मिनिटे आणि एक गोल

कल्याण सोडून कसाऱ्याच्या दिशेने निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती शहाडला. आज तिथे इमारतींची दाटी झाली आहे. साठच्या दशकात आम्ही पोरे होतो तेव्हा उल्हास नदीच्या अंगाला मोकळे माळ होते, कामगारांच्या चाळी होत्या आणि घड्याळाचे काम कारखान्याचा भोंगा करत असे. दुपारची पाळी आत गेली की चाळीमागच्या मोकळ्या जागेत आमचा फुटबॉल सुरू व्हायचा. चेंडू ज्याचा, तो पुढे खेळणार. दांडगी मुले त्याच्या आजूबाजूला. आणि ज्याला कुठेच घेण्यासारखे नाही, त्याला दोन दगडांच्या मध्ये उभे करायचे. तो मी.

एका पावसाळ्यात शेजारच्या चाळीशी सामना होता. चिखलातून घरंगळत आलेला एक साधा चेंडू माझ्या दोन पायांमधून निघून गेला आणि आम्ही हरलो. त्याआधी मी पाच-सहा चेंडू अडवले होते, त्यातल्या एकाने माझे नाक फुटले होते. ते कुणाच्याच लक्षात राहिले नाही. तो एक गोल मात्र चाळीने वर्षानुवर्षे जपून ठेवला. पुढे माझ्या लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी तो काढलाच!

त्या संध्याकाळी मी रडवेला होऊन जिन्यात बसलो होतो. आमच्या मजल्यावर मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहत. त्यांनी मला आत बोलावले, चहा दिला आणि शंकर लक्ष्मण हे नाव सांगितले. आपल्या पलटणीचा माणूस म्हणून त्यांना त्याचा कोण अभिमान! हॉकीत भारताच्या गोलमध्ये उभा राहणारा हा गडी ऑलिंपिकची अंतिम लढत हरून आला होता आणि त्याच गोलमध्ये पुन्हा जाऊन उभा राहिला होता, एवढेच त्यांना मला सांगायचे होते. शंकर लक्ष्मण हे नाव असे, की तो सातारा-कोल्हापूरकडचाच असणार अशी माझी बरीच वर्षे समजूत होती.

ती खरी नव्हती. शंकर लक्ष्मण यांचा जन्म ७ जुलै १९३३ रोजी महूला झाला. घराणे शेखावत, मूळ राजस्थानकडचे. पण महू म्हणजे आपल्याला परके गाव नव्हे. बाबासाहेब आंबेडकरांचे ते जन्मगाव. होळकरांच्या संस्थानातली ती लष्करी छावणी. छावणीतल्या गावांना खेळ आपोआप मिळतात. शंकर लक्ष्मण यांना आधी मिळाला तो फुटबॉल. महूजवळच्या कोदरिया गावाच्या संघाचे ते कर्णधारही होते. १९४७ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, ते लष्करात शिरले ते बँडवाला म्हणून. पुढे त्यांची पलटण मराठा लाइट इन्फन्ट्री. म्हणजे नाव फसवे असले तरी सुभेदारांचा दावा खोटा नव्हता. बेळगावला मुख्य ठाणे असलेल्या आणि आपल्या घाटावरच्या, कोकणातल्या घराघरांतून माणसे नेणाऱ्या या पलटणीनेच त्यांना सांभाळले. हॉकी त्यांच्या हाती आली तीही लष्करातच. १९५५ च्या सुमारास ते सेनादलाच्या संघातून खेळू लागले आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नच्या ऑलिंपिकला गेले.

त्या काळचा हॉकीचा गोलरक्षक कसा असे, हे आजच्या वाचकाला मुद्दाम सांगायला हवे. आज तो नखशिखान्त चिलखतात असतो. डोक्याला शिरस्त्राण, चेहऱ्यापुढे जाळी, छातीला कवच. पन्नास-साठच्या दशकात पायाला पॅड, हातात मोजे आणि स्टिक, एवढ्यावर भागत असे. चेहरा उघडा. मैदान गवताचे, त्यामुळे चेंडू कुठल्या उंचवट्याला लागून कुठे उसळेल याचा नेम नाही. फुटबॉलच्या गोलरक्षकाला निदान मोठा चेंडू दिसतो आणि तो कवेत घेता येतो. इथे क्रिकेटच्या चेंडूएवढा आणि तितकाच टणक चेंडू, आणि तो अडवायचा मुख्यतः पायांनी. शंकर लक्ष्मण यांचे मूळ फुटबॉलमध्ये होते, हे त्यांच्या उपयोगी पडले असणार असे मला नेहमी वाटत आले आहे.

मेलबर्नला १९५६ मध्ये भारताने सोने मिळवले. पाच सामने, ३८ गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. अफगाणिस्तानविरुद्ध १४, अमेरिकेविरुद्ध १६, सिंगापूरविरुद्ध ६. अशा सामन्यांत गोलरक्षकाला गवत मोजण्यापलीकडे काम नसते. खरे काम पुढे होते. उपान्त्य फेरीत जर्मनीविरुद्ध १-० आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्धही १-०. एका गोलाने जिंकलेल्या सामन्यात गोलरक्षकाचा एक गाफील क्षण म्हणजे सारे ओम्‌फस्. पाकिस्तानविरुद्धचा गोल रणधीरसिंग जेंटल यांचा, तो इतिहासात नोंदला गेला. दुसऱ्या बाजूचे शून्य कुणाच्या नावावर लिहायचे, याची तक्त्यात सोयच नसते.

या शून्याची एक विचित्र कथा दोन वर्षांनी टोकियोला घडली. १९५८ च्या आशियाई स्पर्धेत भारत-पाकिस्तान सामना ०-० असा सुटला. भारत हरला नाही. तरीही सुवर्ण पाकिस्तानला मिळाले, कारण गोलांची सरासरी त्यांची अधिक होती. भारताला रौप्य.

मग आले रोम. १९२८ पासून ऑलिंपिकमध्ये भारत हॉकीचा एकही सामना हरला नव्हता. सहा सुवर्णपदके ओळीने. ९ सप्टेंबर १९६० रोजी अंतिम सामन्यात नसीर अहमद यांनी पूर्वार्धातच एक गोल केला आणि तो भारताला फेडता आला नाही. ०-१. बत्तीस वर्षांचे साम्राज्य एका चेंडूने गेले. भारताच्या पुढच्या फळीला त्या दिवशी एकही गोल करता आला नाही, हे पराभवाचे तितकेच मोठे कारण. पण न झालेले गोल कुणाला दिसत नाहीत, झालेला दिसतो. चाळीतल्या पराभवाचे ओझे एवढे असते, तर देशाच्या पराभवाचे किती असेल?

पुढची चार वर्षे शंकर लक्ष्मण खेळत राहिले. १९६२ ला जकार्तात पुन्हा रौप्य, सुवर्ण पुन्हा पाकिस्तानला. आणि मग १९६४ चे टोकियो ऑलिंपिक. चरणजितसिंग यांच्या नेतृत्वाखालचा हा संघ मेलबर्नसारखा सहज जिंकणारा नव्हता. जर्मनीशी १-१, स्पेनशी १-१ अशा बरोबऱ्या झाल्या. हॉलंडला २-१ असे कसेबसे हरवले. उपान्त्य फेरीत ऑस्ट्रेलियाला ३-१ ने मागे टाकून २३ ऑक्टोबर १९६४ रोजी भारत अंतिम सामन्यात उतरला, समोर पुन्हा पाकिस्तान. उत्तरार्धात पृथिपालसिंग यांचा पेनल्टी कॉर्नरवरचा फटका मुनीर दर यांच्या पायाला लागला, पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि मोहिंदर लाल यांनी तो गोलात घातला. त्यानंतरचा सारा वेळ पाकिस्तानने भारताच्या गोलवर हल्ले चढवले आणि एकट्या शंकर लक्ष्मण यांनी ते परतवले. त्या दिवशी ज्यांनी तो सामना पाहिला, त्यांनी विजयाचे श्रेय नि:संकोचपणे त्यांच्या पदरात टाकले.

तो दिवस मला आठवतो. दिवाळी तोंडावर आली होती. चाळीत दोनच रेडिओ, त्यातला एक सुभेदारांकडे. बातम्यांत निकाल सांगितला तेव्हा ते उठून उभे राहिले आणि त्यांनी भिंतीला सलाम ठोकला. आम्ही पोरे हसलो. आज हसू येत नाही.

तीन ऑलिंपिक अंतिम सामने. हॉकीचा सामना तेव्हा ७० मिनिटांचा, म्हणजे एकूण २१० मिनिटे. समोर तिन्ही वेळा पाकिस्तानसारखा संघ. आणि गोल झाला फक्त एक. दोन सुवर्ण, एक रौप्य. १९६४ मध्येच त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, १९६७ मध्ये पद्मश्री. त्याच्या आधी, डिसेंबर १९६६ मध्ये, बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ते भारताचे कर्णधार होते. गोलरक्षकाकडे राष्ट्रीय संघाचे नेतृत्व देणे ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. आंतरराष्ट्रीय हॉकीत हा मान मिळालेला पहिला गोलरक्षक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. अंतिम सामना पुन्हा पाकिस्तानशी, निकाल १-० आणि आशियाई स्पर्धेतले भारतीय हॉकीचे पहिले सुवर्ण.

याच माणसाला १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी संघात घेतले गेले नाही. भारत उपान्त्य फेरीत ऑस्ट्रेलियाकडून हरला आणि १९२८ नंतर प्रथमच अंतिम सामन्याबाहेर राहून कांस्यावर परतला. ते असते तर निकाल बदलला असता, असे म्हणणे शहाणपणाचे नाही. पण शंकर लक्ष्मण यांनी त्यानंतर हॉकी सोडली. त्या खेळात तेव्हा पैसा नव्हता. खेळाडूला मिळायची ती नोकरी. ती त्यांनी पुरी केली. १९७९ साली ते कॅप्टनच्या हुद्द्यावरून मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झाले आणि महूला घरी परतले.

पुढची २७ वर्षे देशाने त्यांची फारशी चौकशी केली नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली होती, १९८३ नंतर देश क्रिकेटमागे गेला आणि साठच्या दशकातले हॉकीपटू आपापल्या गावी म्हातारे होत राहिले. उतारवयात शंकर लक्ष्मण यांना पैशाची ओढाताण होती. एका पायाला गँगरीन झाले. डॉक्टरांनी पाय कापण्याचा सल्ला दिला, त्यांनी निसर्गोपचाराची वाट धरली. ज्या पायांनी चेंडू अडवले, त्यातलाच एक असा कामी आला. २९ एप्रिल २००६ रोजी महूलाच त्यांचे निधन झाले.

मी ती बातमी कल्याणहून सुटलेल्या लोकलमध्ये वाचली. आतल्या पानावर, चार बोटे जागेत. त्या दिवशी मला सरकारचा राग आला, क्रीडा संघटनांचा आला. घरी पोहोचेपर्यंत तो माझ्यावरच उलटला. लहानपणी ज्यांच्या नावाने मला धीर दिला गेला, ते माझ्या हयातीत एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर आजारी होते आणि ते जिवंत आहेत की नाहीत, याची मी कधी साधी विचारपूसही केली नव्हती.

हे दूरच्या महूचेच नाही. मेलबर्न आणि रोम या त्याच दोन ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल संघात एस. एस. नारायण नावाचे गोलरक्षक होते. मुंबईत टाटांच्या संघातून ते खेळले. मेलबर्नला तो संघ चौथा आला. भारतीय फुटबॉलला ऑलिंपिकमध्ये त्यापुढे कधी जाता आले नाही. नारायण यांचे निधन २०२१ साली ठाण्यात झाले. आमच्या स्टेशनापासून लोकलने तासाभराच्या आत. त्यांच्याकडे तरी मी कुठे गेलो होतो?

गोल करणाऱ्याचे काम सर्वांना दिसते, मोजता येते, पुन:पुन्हा सांगता येते. गोलरक्षकाने काम चोख केले, तर काहीच घडत नाही, आणि जे घडले नाही ते आठवणार कसे? धरणाचा चौकीदार, रुळांची तपासणी करीत रात्री चालणारा गँगमन, सीमेवरचा शिपाई, सगळ्यांचा हिशेब असाच. त्यांची चूक तेवढी आपल्याला ठाऊक असते. म्हणून त्यांचे टिपण मुद्दाम ठेवावे लागते; ते आपोआप राहत नाही.

सुभेदार जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. चाळ पडली, मागचा माळ गेला. नदीच्या बाजूला थोडीशी जागा उरली आहे, तिथे संध्याकाळी पोरे अजून खेळतात आणि अजूनही सर्वांत लहान मुलालाच दोन दगडांच्या मध्ये उभे करतात. फिरायला गेलो की मी त्याच्या मागे जाऊन उभा राहतो. त्याने किती चेंडू अडवले ते बोटांवर मोजतो आणि खेळ संपला की तो आकडा त्याला सांगतो. परवा नऊ झाले होते.