किहीमच्या सुगरणीने घडवलेला पक्षितज्ज्ञ

पावसाळा सरून हवेत गारवा येऊ लागला, की गळ्यात दुर्बीण अडकवून निघालेल्या पक्षिमित्रांची पावले किनाऱ्यालगतच्या रानांकडे वळतात. कोणी कर्नाळ्याच्या किल्ल्याची वाट चढतो, कोणी अलिबागजवळच्या सुरूच्या बनांत रमतो, तर कोणी गोव्यात फेरीबोटीने मांडवी ओलांडून चोडण बेटावरच्या कांदळवनात शिरतो. सुटीत चार दिवस पायी हिंडावे, पक्षी पाहावेत, त्यांची नोंद वहीत करावी, हा छंद आज हजारोंना जडला आहे. या छंदाला भारतात शास्त्राची बैठक आणि सामान्य माणसाची ओळख मिळवून दिली ती डॉ. सालिम अली यांनी. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्याचा पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा आणि अखेरचा सालिम अलींच्या जन्माचा आहे.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आईचे छत्रही हरपले. भावंडांसह त्यांचा सांभाळ मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि निपुत्रिक मामी हमिदा बेगम यांनी खेतवाडीतील घरी केला. मामांनी दिलेली छर्‍याची बंदूक हे या मुलाचे लाडके खेळणे होते. वयाच्या दहा-बारा वर्षांच्या सुमारास तिच्या छर्‍याने एक चिमणी पडली. तिच्या कंठावर पिवळा डाग होता. ही कोणत्या जातीची, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि संस्थेच्या संग्रहातील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. बिचकत आत गेलेला तो मुलगा बाहेर पडला तेव्हा त्याच्या आयुष्याची दिशा जवळजवळ ठरून गेली होती.

ती वाट मात्र सरळ नव्हती. डोकेदुखीने शाळेत खंड पडला. १९१३ मध्ये ते जेमतेम मॅट्रिक झाले. पुढे कॉलेजात मन रमले नाही, म्हणून ते ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे थोरल्या भावाच्या खाणी व लाकडाच्या व्यवसायात गेले. तेनासरीमच्या किनाऱ्यालगतची ती घनदाट जंगले त्यांना हिशेबाच्या वह्यांपेक्षा अधिक जवळची वाटली. धंद्यात काही फारसे साधले नाही. रानात चालण्याची सवय मात्र पक्की झाली. १९१७ मध्ये मुंबईला परतल्यावर व्यापारी शिक्षण आणि झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र असा दुहेरी अभ्यास त्यांनी केला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्गविज्ञान दालनात त्यांना मार्गदर्शक-व्याख्यात्याची नोकरी मिळाली. पक्षिशास्त्राचे रीतसर शिक्षण नाही, ही उणीव त्यांना सलत होती. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात प्रा. एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. उत्तर समुद्रातील हेलिगोलॅन्ड बेटावर स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे काम त्यांनी जवळून पाहिले. जगातल्या नामवंत पक्षितज्ज्ञाचा शिष्य म्हणून ते १९३० मध्ये मायदेशी परतले, तेव्हा निधीअभावी त्यांचे पदच रद्द झालेले होते. वय तेहतीस, हाती पदवी नाही, नोकरी नाही.

मुंबईतला खर्च झेपेना, तेव्हा पती-पत्नी खाडीपलीकडे अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. नारळी-पोफळीच्या वाड्या, भाताची खाचरे आणि पुढे समुद्र. पावसाळा सुरू झाला आणि घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत बांधली जाऊ लागली. हाताशी वेळच वेळ होता. सालिम अली लपणात बसून ती वसाहत दिवसेंदिवस न्याहाळू लागले. कोणाचे घरटे, कोणाची मादी, कोणत्या दिवशी काय घडले, याची नोंद होऊ लागली.

सुगरण हे नाव मराठीत स्त्रीलिंगी असले तरी घरटे विणतो तो नर. भाताच्या पातीचे आणि गवताचे लांब धागे काढून तो खोपा अर्ध्यावर आणतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून पारख करते. पसंत पडले नाही तर निघून जाते. पसंत पडले की ती त्या घरट्याचा ताबा घेते आणि नर उरलेली नळी विणून ते पुरे करतो. इथवर बरेचसे ठाऊक होते. पुढे काय होते, ते किहीमला उलगडले. मादी अंडी उबवायला बसताच नर तिला सोडून दुसरे घरटे विणू लागतो, दुसऱ्या मादीला बोलावतो. जमले तर तिसरे. एकाच हंगामात एकामागून एक संसार मांडणाऱ्या या पक्ष्याची रीत १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि सालिम अलींचे नाव अभ्यासकांच्या जगात पोहोचले.

या निरीक्षणाचे महत्त्व केवळ सुगरणीपुरते नव्हते. तोवर भारतातील पक्षिशास्त्र मुख्यतः मेलेल्या पक्ष्यांचे होते: पक्षी मारायचा, कातडे भरायचे, मापे घ्यायची, नाव द्यायचे. सालिम अलींनीही पुढे सर्वेक्षणांत नमुन्यांसाठी बंदूक वापरली आणि ते कधी लपवले नाही. पण जिवंत पक्षी काय करतो, कोठे राहतो, काय खातो, हे प्रश्न नावाइतकेच मोलाचे आहेत, ही दृष्टी किहीमच्या बेकारीने पक्की केली. संग्रहालयातली नोकरी टिकली असती, तर त्या पावसाळ्यात त्यांना इतकी सवड मिळाली असती का, हा प्रश्नच आहे.

त्यानंतरचे दशक पायपिटीचे ठरले. संस्थानांनी प्रवासखर्च द्यावा आणि आपण मानधनाशिवाय पक्ष्यांचे सर्वेक्षण करावे, असा मार्ग त्यांनी शोधला. हैदराबाद संस्थानानंतर १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीनची पाळी आली. किनाऱ्याच्या सखल भागापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत ते हिंडले. पेरियार नदीकाठचे तट्टेकाडचे जंगल त्यांना पक्ष्यांच्या दृष्टीने विलक्षण समृद्ध वाटले. पन्नास वर्षांनी, १९८३ मध्ये, तेथे अभयारण्य झाले. या भटकंतीत तेहमिना बेगम सोबत असत. इंग्लंडात शिकलेल्या या सुखवस्तू घरातल्या स्त्रीने तंबूतला संसार आनंदाने पत्करला होता. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या दगावल्या. मूलबाळ नव्हते. सालिम अली बहिणीच्या घरी राहू लागले आणि उरलेले आयुष्य त्यांनी पक्ष्यांना वाहिले.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आले. रंगीत चित्रे, सोपी भाषा आणि नेमकी ओळख यांमुळे पक्षी पाहणे हा साहेबांचा छंद उरला नाही. जवाहरलाल नेहरूंनी कारावासात असताना या पुस्तकाची प्रत कन्या इंदिरेला पाठवली होती. पुढे पंतप्रधान म्हणून इंदिरा गांधींनी निसर्गरक्षणात जो रस घेतला, त्याचे एक मूळ तेथे सापडते. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा झाला. पहिला खंड प्रसिद्ध झाला तेव्हा ते बहात्तरीत आले होते.

किनाऱ्याची ओढ मात्र सुटली नाही. कच्छच्या मोठ्या रणात १९४५ मध्ये त्यांनी रोहित पक्ष्यांची वीण-वसाहत पाहिली. पक्ष्यांची संख्या पाच लाखांच्या घरात असावी, असा त्यांचा अंदाज होता. तामिळनाडूत, जेथे किनारा पश्चिमेकडे वळतो त्या टोकावर, कोडिक्करैचे शुष्क सदाहरित रान आणि खारट पाणथळ आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पाणपक्ष्यांचे ते माहेरघर. हेलिगोलॅन्डला पाहिलेले कडी घालण्याचे काम सोसायटीने येथे मोठ्या प्रमाणावर केले. १९६७ मध्ये हे रान अभयारण्य झाले.

उतारवयात केवळ पाहून भागणार नाही, पक्ष्यांचे घर राखले पाहिजे, हे त्यांना उमगले होते. केरळातील सायलेंट व्हॅलीचे वर्षावन धरणाखाली जाऊ नये म्हणून त्यांनी आपले वजन खर्ची घातले. १९८४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. शेतीसाठी पाणी मागणाऱ्यांपासून भरतपूरची तळी वाचवण्यातही त्यांचा वाटा होता. त्याच भरतपूरने त्यांच्या मताची कठोर परीक्षाही घेतली. गुराढोरांची चराई थांबवावी, असे त्यांचे मत होते. १९८२ मध्ये बंदी अमलात आली, गावकऱ्यांचा उद्रेक झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. पुढे त्यांच्याच सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसले, की म्हशी हटल्यावर गवत माजले, उघडे पाणी आटोपले आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. गुरूचा निष्कर्ष चुकीचा ठरला, तो गुरूने घालून दिलेल्या पद्धतीने: वर्षानुवर्षे प्रत्यक्ष पाहून, नोंदी ठेवून.

पद्मभूषण (१९५८), पद्मविभूषण (१९७६), राज्यसभेचे सदस्यत्व (१९८५) असे मान त्यांच्याकडे चालत आले. जे. पॉल गेटी पुरस्काराची घसघशीत रक्कमही त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामाकडे वळवली. १९८५ मध्ये आलेल्या आत्मचरित्राच्या नावात बालपणीच्या त्या चिमणीलाच त्यांनी जागा दिली. २० जून १९८७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी गोव्यातील चोडणच्या कांदळवनात त्यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य अस्तित्वात आले.

त्या कांदळवनातून भरतीच्या वेळी होडी हळूहळू आत जाते. खंड्या सूर मारतो, बगळा स्तब्ध उभा राहतो. सुटीसाठी आलेला माणूस दुर्बीण डोळ्यांना लावतो, नाव ओळखतो आणि पुढच्या पक्ष्याकडे वळतो. किहीमच्या त्या पावसाळ्याचा धडा याहून थोडा वेगळा आहे. नाव ओळखल्यावर तेथून न हलता पाहत राहावे. ज्या पक्ष्याला सारे ओळखतात, त्याच्याविषयीही सांगण्यासारखे पुष्कळ उरलेले असते.