मारिया कॅलास : उमेदवारीची वर्षे

विसाव्या शतकातील ऑपेरासंगीताचा इतिहास मारिया कॅलास हे नाव वगळून लिहिता येणार नाही. १६ सप्टेंबर १९७७ रोजी पॅरिसमध्ये तिचे निधन झाले, तेव्हा ती अवघी त्रेपन्न वर्षांची होती. तिचे नाव निघाले की बहुतेकांना आठवतात ती तिची भांडणे, ओनासिसशी असलेले तिचे नाते आणि अखेरच्या काळातील एकाकीपण. या गदारोळात तिची उमेदवारीची वर्षे झाकली जातात. तिचे मोठेपण नेमके कशात होते हे जाणून घ्यायचे, तर तीच वर्षे पाहायला हवीत.

मारियाचा जन्म २ डिसेंबर १९२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आईवडील त्याच वर्षी ग्रीसहून अमेरिकेत आले होते. आदल्या वर्षी त्यांचा लहान मुलगा दगावला होता आणि आईने पुन्हा मुलाचीच आस धरली होती. मुलगी झाली याची तिच्या मनात बसलेली अढी पुढे कधी पुरती सुटली नाही. वडील औषधविक्रेते. कालोगेरोपुलोस हे लांबलचक आडनाव अमेरिकेत आटोपशीर होऊन ‘कॅलास’ झाले. थोरली बहीण देखणी, तर मारिया अंगाने स्थूल आणि जाड भिंगांचा चष्मा लावणारी. धाकटीच्या गळ्यात काही वेगळे आहे हे आईने हेरले आणि तिच्या मागे गाण्याचा तगादा लावला. नवराबायकोचे पटेनासे झाल्यावर १९३७ साली आई दोन्ही मुलींना घेऊन अथेन्सला परतली.

तेथील संगीतविद्यालयात प्रवेशासाठी मारियाचे वय वाढवून सांगावे लागले. मारिया त्रिवेला या तिच्या पहिल्या शिक्षिका. पण तिला खऱ्या अर्थाने घडवले ते एल्विरा दे हिदाल्गो या स्पॅनिश गायिकेने. दे हिदाल्गो स्वतः हलक्या, चपळ गळ्याच्या गायिका होत्या. शिष्येचा आवाज मात्र जड, दणकट आणि काहीसा ओबडधोबड. एरवी अशा आवाजाला थेट भारदस्त भूमिकांकडे वळवले जाते. दे हिदाल्गोंनी तसे केले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या इटालियन गायकीतील द्रुत स्वरपंक्ती, कंप, हरकती हा सगळा अवघड अभ्यास त्यांनी या जड गळ्याकडून करवून घेतला. मारिया सकाळी वर्गात येई ती शेवटचा विद्यार्थी जाईपर्यंत तेथेच बसून राही. सगळ्यांचे धडे ती ऐके, आपल्या प्रकारात न बसणारेही. पुढे जे घडले त्याचे बीज या बसून ऐकण्यात आहे.

एप्रिल १९४१ मध्ये जर्मन फौजा अथेन्समध्ये शिरल्या. त्या वर्षीच्या हिवाळ्यात शहरात भीषण दुष्काळ पडला, माणसे रस्त्यावर मरून पडू लागली. याच काळात, ऑगस्ट १९४२ मध्ये, अठरा वर्षांच्या मारियाने ‘तोस्का’तील नायिका रंगवली. १९४४ च्या उन्हाळ्यात तिने हेरोडस अॅटिकसच्या प्राचीन खुल्या रंगमंदिरात बेथोव्हेनच्या ‘फिदेलिओ’तील लिओनोरा गायिली. परक्या सत्तेच्या अमलाखाली गायल्याचा ठपका काही सहकाऱ्यांनी तिच्यावर ठेवला. पोटासाठी गाणाऱ्या एका मुलीपुढे तेव्हा दुसरा कोणता मार्ग होता, हा प्रश्न विचारायला हवा.

युद्ध संपताच इटली गाठ, असा दे हिदाल्गोंचा सल्ला होता. मारियाने तो मोडला आणि १९४५ साली ती वडिलांकडे न्यूयॉर्कला गेली. तेथील दोन वर्षे जवळपास वाया गेली. शिकागोत ‘तुरानदोत’ उभे राहायचे होते. पैशाअभावी पडदा वर जाण्यापूर्वीच ती मंडळी बुडाली. मात्र त्याच मंडळींतील निकोला रोस्सी-लेमेनी या गायकाच्या ओळखीने तिला इटलीतील वेरोना येथे काम मिळाले.

ऑगस्ट १९४७ मध्ये वेरोनाच्या रोमन काळातील विशाल प्रेक्षागारात ती ‘ला जोकोंदा’ गायिली. तालमीत पाय मुरगळला होता, तो बांधून ती उभी राहिली. यश मिळाले, पण डोळे दिपवणारे नव्हे. वेरोनाने तिला दोन माणसे मात्र दिली. एक, विटांचे कारखानदार मेनेगिनी. वयाने सत्तावीस वर्षांनी मोठे असलेल्या या गृहस्थांशी तिने १९४९ साली लग्न केले. दुसरे, वृद्ध संगीतसंचालक तुल्लिओ सेराफिन. अलंकार म्हणजे गळ्याची कसरत नसून प्रत्येक हरकतीमागे पात्राच्या मनातील काही कारण असते, ही दृष्टी तिला सेराफिन यांच्याकडून मिळाली.

जानेवारी १९४९ मध्ये व्हेनिसच्या ‘ला फेनिचे’त ती वाग्नरच्या ‘वाल्क्यूरी’तील ब्रुनहिल्ड गात होती. शंभराच्या घरातील वादकांवर मात करून, ध्वनिवर्धकाशिवाय, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणे ही या भूमिकेची मूलभूत अट. त्याच रंगमंदिरात लगेच बेल्लिनीचे ‘पुरितानी’ व्हायचे होते. त्यातील एल्विराची भूमिका करणारी मार्गेरिता कारोसियो ऐनवेळी आजारी पडली. एल्विराला लागतो तो नाजूक, उंच आणि वाऱ्यासारखा फिरणारा गळा. दोन्ही भूमिका एकीने गाणे म्हणजे पहिलवानाने दोरीवर चालून दाखवण्यासारखे. मारियाला विश्रांतिगृहात एल्विराची एक चीज गुणगुणताना सेराफिन यांच्या पत्नीने ऐकले, असे सांगितले जाते. सेराफिन यांनी तिला ही भूमिका करायला सांगितली. तिला ती अवगत नव्हती. दिवसा एल्विरा पाठ करायची आणि प्रयोगाच्या रात्री ब्रुनहिल्ड गायची, असे आठवडाभर चालले. १९ जानेवारीला ‘पुरितानी’ झाले आणि त्या रात्रीनंतर इटलीत तिच्याविषयी वेगळ्या सुरात बोलले जाऊ लागले.

त्या रात्रीचे महत्त्व केवळ धाडसात नाही. बेल्लिनी, दोनिझेत्ती यांच्या कितीतरी रचना तोवर एकतर कपाटात पडून होत्या किंवा नाजूक गळ्यांच्या करमणुकीपुरत्या उरल्या होत्या. जड आवाजाला चपळाई आल्याबरोबर त्यांतील शोक, संताप आणि वेड पुन्हा ऐकू येऊ लागले. मूळ गायिका अशाच असल्या पाहिजेत, हे अभ्यासकांना उमगले. ‘नोर्मा’ १८३१ साली ज्या जुदित्ता पास्तासाठी रचली गेली, तिचाही गळा केवळ गोड नव्हता. कॅलासचा आवाज सर्वांना सुंदर वाटला नाही हेही खरे. तो तिन्ही सप्तकांत एकसारखा नव्हता, वरच्या पट्टीत कधी थरथरे. इतक्या लवकर इतक्या परस्परविरोधी भूमिका पेलल्याची किंमत त्या आवाजाने पुढे मोजली असावी, असे मानणारे जाणकार आहेत आणि त्यांचे म्हणणे सहज फेटाळता येत नाही.

मिलानच्या ‘ला स्काला’ने मात्र तिला ताटकळत ठेवले. एप्रिल १९५० मध्ये आजारी तेबाल्दीच्या जागी ती तेथे ‘आईदा’ गायिली. स्वागत थंडच झाले आणि संचालक गिरिंगेल्ली यांनी करारही देऊ केला नाही. बदली गायिका म्हणून पुन्हा येण्यास तिने नकार दिला. मे १९५१ मध्ये फ्लॉरेन्सला तिने व्हेर्दीचे ‘सिसिलियन व्हेस्पर्स’ गाजवले, तेव्हा गिरिंगेल्ली यांना स्वतःहून तिच्याकडे यावे लागले. ७ डिसेंबर १९५१ रोजी त्याच रचनेने स्कालाच्या हंगामाचा पडदा वर गेला आणि नायिकेच्या जागी मारिया कॅलास होती. गाण्याचा तगादा लावणाऱ्या आईला आदल्या वर्षी तिने मेक्सिकोच्या दौऱ्यावर सोबत नेले होते. त्यानंतर त्या मायलेकी पुन्हा कधीच भेटल्या नाहीत.