हाफकिन यांची सुई

भाईंदरमध्ये आज मूल जन्मले की घरातली वडीलधारी मंडळी लशींच्या तारखा तोंडपाठ करतात. ते पाहिले की मला परळची हाफकिन संस्था आणि तिच्या नावामागचा माणूस आठवतो.

वाल्देमार हाफकिन १८६० मध्ये ओडेसात जन्मले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात येऊन त्यांनी छावण्यांतल्या सैनिकांनाही ती दिली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी काही महिन्यांत त्यावरची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई पुन्हा स्वतःलाच!

पण १९०२ मध्ये तेव्हाच्या पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, पद गेले. बाटली गावातच उघडताना दूषित झाली असावी, असे पुढे तज्ज्ञांनी दाखवले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले.

धनुर्वाताचा जंतू मातीतला. सैनिकाच्या जखमेतून शिरतो, तसाच मळक्या पात्याने कापलेल्या नाळेतूनही. नीट पिणारे तान्हे बाळ अचानक दूध ओढेनासे झाले, जबडा आवळला, अंग ताठले, तर तडक इस्पितळ गाठावे. गरोदरपणी आईने घेतलेली लस आणि नाळेची स्वच्छता हे संकट टाळतात.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये ते निवर्तले. लशीइतकाच ती टोचणारा हातही स्वच्छ हवा, हा त्यांच्या आयुष्याचा धडा मला मोठा वाटतो.