महाडचा दावा आणि राज्यघटनेचे तेरावे कलम

महूचा जन्म, साताऱ्याची शाळा, कोलंबिया व लंडनच्या पदव्या, नागपूरची धम्मदीक्षा हा बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जीवनपट आपल्या वसतिगृहातील लहान मुलांनाही मुखोद्गत आहे. महाडचा लढा तळ्याकाठी संपला नाही, तो पुढे जवळपास दहा वर्षे न्यायालयात चालला, हा भाग मात्र जयंतीच्या भाषणांत क्वचितच येतो.

१९२३ साली बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळ्याबाबत तसाच ठराव केला; तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब ते पाणी प्याले आणि ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बहुमताने दिलेला हक्क बहुमतानेच हिरावला. डिसेंबरात सनातन्यांनी दिवाणी दावा लावला. प्रतिवादींत पहिले नाव बाबासाहेबांचे होते.

१७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांचा विजय झाला. निकाल बारकाईने वाचला, की मात्र मन थबकते. अस्पृश्यांना मनाई करणारी वहिवाट अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असा न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांचा निष्कर्ष होता. पुरावा भक्कम असता, तर ती वहिवाट वाजवी की गैरवाजवी, हा वाद तेथून सुरू झाला असता! तराजूत माणूस नव्हता, वहिवाटीचे वय होते.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली व बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. राज्यघटनेच्या तेराव्या कलमात कायदेमंडळाचा कायदा, उपविधी, रूढी आणि वहिवाट एकाच रांगेत उभ्या आहेत. मूलभूत हक्कांशी विसंगत असतील तेवढ्यापुरत्या त्या रद्द. पंधराव्या कलमात विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली. हक्क डावलला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट देणारे बत्तिसावे कलम बाबासाहेब सर्वांत महत्त्वाचे मानीत.

२६ जानेवारी १९५० नंतर घाटंजी-आर्णीकडच्या एखाद्या गावातील विहिरीवरची वहिवाट किती जुनी, हे न्यायालयाने विचारण्याचे कारण उरले नाही. विहिरीवर तो प्रश्न पुढेही बरीच वर्षे विचारला जात होता, हे आपल्या ज्येष्ठ पालकांना ठाऊक आहे.