धुक्यात हरवलेला जगज्जेता

वेगाशी खेळणाऱ्याचा अंत वेगातच व्हायचा, असे आपण गृहीत धरतो. ग्रॅहम हिलच्या बाबतीत नियतीने वेगळेच लिहून ठेवले होते. मोटार शर्यतींच्या जीवघेण्या जगात त्याने मृत्यूला वर्षानुवर्षे हुलकावणी दिली. अखेर मृत्यूने त्याला गाठले ते घर हाकेच्या अंतरावर आले असताना, धुक्याच्या पडद्याआड.

१५ फेब्रुवारी १९२९ रोजी लंडनमध्ये जन्मलेल्या ग्रॅहमला चोविसाव्या वर्षापर्यंत मोटार चालवण्याचा परवानाही नव्हता! पुढे एक जाहिरात वाचनात आली. ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर पाच शिलिंगात एक फेरी. एक पौंड मोजून त्याने चार फेऱ्या मारल्या आणि आयुष्याने वळण घेतले. लोटस कंपनीत तो मेकॅनिक म्हणून शिरला आणि १९५८ मध्ये त्यांचीच गाडी घेऊन मोनॅकोच्या शर्यतीत उतरला. १९६२ आणि १९६८ असा दोनदा तो जगज्जेता झाला. मोनॅको त्याने पाच वेळा जिंकली. १९६६ मध्ये इंडियानापोलिस, १९७२ मध्ये ल मान्स. हा तिहेरी मुकुट आजवर दुसऱ्या कुणाच्याही माथ्यावर चढलेला नाही. १९६९ च्या अपघातात दोन्ही पाय जायबंदी झाले, तरी पुढच्याच मोसमात गडी पुन्हा गाडीत!

१९७५ च्या जुलैमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. आता स्वतःच्या संघाकडेच लक्ष द्यायचे होते. २९ नोव्हेंबरला दक्षिण फ्रान्समधील चाचण्या आटोपून तो आपले छोटे पायपर अ‍ॅझ्टेक विमान स्वतः चालवत परत निघाला. सोबत तेवीस वर्षांचा गुणी चालक टोनी ब्राइझ आणि संघातले चौघे सहकारी. रात्र झालेली, लंडनवर दाट धुके, आणि एल्स्ट्रीच्या लहानशा विमानतळावर धुक्यात उतरवणारी यंत्रणा नाही.

धुके मोठे फसवे असते. थेट वरून पाहिले तर खालचे दिवे दिसतात. पण उतरताना नजर तिरपी जाते, धुक्याचा थर जाड होतो आणि तेच दिवे नाहीसे होतात. डोळ्यांवर विसंबलेला वैमानिक त्या क्षणी आंधळा होतो. धावपट्टीच्या अलीकडे, आर्कलीच्या गोल्फ मैदानावर विमान झाडांना धडकले. सहाही जण ठार झाले.

दुःख तेवढ्यावर संपले नाही. धुक्यात उडण्यासाठी लागणाऱ्या त्याच्या पात्रतेची मुदत संपलेली होती, विमानाची नोंदणीही रद्द झालेली होती. साहजिकच विम्याचे संरक्षण उरले नाही. मृत सहकाऱ्यांच्या कुटुंबीयांनी भरपाई मागितली आणि पत्नी बेट हिला राहते घर सोडावे लागले. एका कागदाच्या नूतनीकरणाची किंमत किती घरांनी मोजली!

तेव्हा मुलगा डेमन पंधरा वर्षांचा होता. पुढे त्याने मोटारसायकलवरून टपाल पोचवले, बांधकामावर मजुरीही केली. १९९६ मध्ये तो फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, तेव्हा त्याच्या हेल्मेटवर वडिलांचीच खूण होती: गडद निळ्या रंगावर पांढरी वल्ही. बापाने रोइंग क्लबातून आणलेली ती खूण लेकाने शिखरावर नेली. मात्र ते पाहायला बाप नव्हता. त्या रात्री दुसऱ्या, मोकळ्या आकाशाच्या विमानतळाकडे वळण्याचा थोडा उशीर त्याने पत्करला असता तर?